उद्या सकाळी परत देतो

अमेरिकेत चाळीस वर्षं तुम्ही नक्की केलंत काय, असं आमच्या मराठी मंडळात कोणी विचारलं की मी खरं तेच सांगतो. खळ लावली. समोरचा हसतो. त्याला वाटतं, काका विनय दाखवतायत. मग आमची शालिनी मध्ये पडते. "नाही हो, खरंच खळ लावली. आणि तीही माझ्या कुरडयांच्या चिकाची!"

तर धंदा असा. फाटलेले, भिजलेले, उंदरांनी चाखलेले जुने कागद आणि पुस्तकं दुरुस्त करायची. पुण्यात वडिलांचं बाइंडिंगचं दुकान होतं, एवढं अरुंद की दोन गिऱ्हाइकं एकाच वेळी आली तर एकाने श्वास आत घ्यायचा आणि दुसऱ्याने सोडायचा. तिथे हात तयार झाला. पुढे शिकागोत एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर शालिनीने आठ दिवस मला घरात सहन केलं आणि नवव्या दिवशी डेव्हन ॲव्हेन्यूवर एका मिठाईच्या दुकानाच्या वर दोन खोल्या शोधून दिल्या. जिन्याला सतरा पायऱ्या, त्यातल्या बारा भरवशाच्या. खाली जिलेबी, वर जीर्णोद्धार. माझ्या हातून गेलेल्या निम्म्या शिकागोच्या इतिहासाला आज केशराचा वास येतो.

आमच्या धंद्याचे नियम दोन. पहिला, जे चिकटवाल ते शंभर वर्षांनी कोणालाही ओल्या बोळ्याने सोडवता आलं पाहिजे. म्हणून गव्हाच्या सत्त्वाची खळ. सगळं जग हे सत्त्व जपानहून मागवतं. मी एकदा शालिनीचा चीक नेला, शिजवला, चाळला, लावला. आमच्या साहेबीणबाई डॉरथी यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "डिग, हे जपानी मालापेक्षा सरस आहे." माझं नाव दिगंबर. ते अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात निम्मं झालं. दुपारी पाहतो तर बाई उरलेली खळ साखर घालून खात होत्या. तेव्हापासून दर उन्हाळ्यात शालिनीच्या कुरडया कमी भरतात आणि दोष मी कबुतरांवर घालतो.

दुसरा नियम, जे दिसेल ते अहवालात लिहायचं. गिऱ्हाइकाला आवडो न आवडो.

गिऱ्हाइकं म्हणाल तर देव एकेक नमुना घडवून थेट माझ्या जिन्यावर सोडतो. मॉरिसव्हिलच्या एका आयटीवाल्याने पणजोबांची कुंडली आधी हौसेने लॅमिनेट केली आणि मग कुरिअरने माझ्याकडे पाठवली. "काका, प्लॅस्टिक रिमूव्ह करून द्याल? आत शाई पसरतेय यार." मी कळवलं, शनी आता कायमचा बसला, शांत करून घ्या. बॉथेलच्या एका मुलीने फोनवर विचारलं, "काका, आजीची पत्रं स्कॅन केली की ओरिजिनल्स फेकून दिली तर चालेल ना?" मी म्हटलं, चालेल की. आजीलाही स्कॅन करून घे, जागा वाचेल.

पण ही सगळी किरकोळ मंडळी. माझी खरी गिऱ्हाइकं म्हणजे शिकागोचे आयरिश.

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांनी आयर्लंडमध्ये हजारो तरुण उचलले. खटला नाही, शिक्षा नाही. संशय आला की काटेरी तारेच्या आत. आणीबाणीत आपल्याकडे मिसाखाली माणसं डांबली, तसंच. छावणीत एकेका लाकडी हटमध्ये पंचवीस-तीस जण. सकाळ-संध्याकाळ हजेरी, मध्ये दिवसभर काम शून्य. मग या पोरांनी काय करावं? प्रत्येकाने घरून एक ऑटोग्राफ बुक मागवलं. हो, तेच. आपण दहावीच्या सेंड-ऑफला फिरवायचो, गुलाबी-निळ्या-पिवळ्या पानांचं, तळहाताएवढं. ज्याचं पुस्तक तो ते मित्राला देणार, मित्र आपल्या खाटेवर बसून त्यात नाव, गाव, हट नंबर, एखादी कविता, एखादं चित्र काढणार आणि परत करणार. फरक एवढाच की आपण लिहायचो 'टच में रहना', आणि ते लिहायचे 'देशासाठी मरू'. दोन्हीकडे वचन पाळणारे थोडेच निघाले, ही आनंदाची गोष्ट.

अशी निदान पन्नास पुस्तकं माझ्या हातून गेली असतील. शालिनी म्हणते बारा. तिला गणिताची आवड आहे. शिकागोत प्रत्येक आयरिश माणसाचे आजोबा त्या छावणीत होते. मी ऐकलेले सगळे आजोबा मोजले तर ती छावणी आयर्लंडच्या बाहेर समुद्रात दोन मैल जाते. पण हसायचं कोणत्या तोंडाने? आपल्याकडेही प्रत्येकाचे आजोबा बेचाळीस साली भूमिगत होते. एवढे सगळे जमिनीखाली, तर वर इंग्रज धरपकड कोणाची करत होते, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तर केव्हिन.

सेंट पॅट्रिक डे, म्हणजे आयरिशांची दिवाळी, होऊन चार दिवस झाले होते. त्या दिवशी शिकागोवाले आपली नदी रंग टाकून हिरवी करतात. ती आधीच हिरवी असते, फक्त त्या दिवशी मान्य करतात. जिना हादरला, दार उघडलं आणि सहा फूट चार इंचांचा, हिरव्या जाकिटातला, लाल चेहऱ्याचा गृहस्थ आत आला. वय सदुसष्ट. अग्निशमन दलातून निवृत्त. इथल्याच त्यांच्या आयरिश क्लबचा अध्यक्ष. छातीशी त्याने पाच किलोची बासमतीची पिशवी धरली होती.

"किराणा खाली मिळतो," मी म्हटलं.

"पुस्तक तांदळात आहे," केव्हिन म्हणाला. "पार्टीत बिअर सांडली. फोन भिजला की तांदळात ठेवतात ना?"

"पुढच्या वेळी थोडी मूगडाळ पण टाका," मी म्हटलं. "निदान खिचडी तरी होईल."

त्याला कळलं नाही, पण तो जोरात हसला. आयरिश माणूस आधी हसतो, मग कळलं का ते पाहतो. मला अशी माणसं आवडतात.

तांदूळ उपसून पुस्तक काढलं. बिअर अर्थातच हिरवी होती, तीन-चार पानांचे कोपरे पोपटी झालेले. आणि त्याहून वाईट म्हणजे, निम्मा मजकूर कॉपिंग पेन्सिलने लिहिलेला. आपल्या आजोबांच्या खिशाला असायची तीच, जिभेला लावून लिहायची आणि जीभ जांभळी करायची. पाण्याचा एक थेंब पडला की ती विरघळते. भिजलेल्या कोपऱ्यात एका देशभक्ताची कविता जांभळी होऊन वाहत गेली होती. ती वाचून पाहिली. बिअरने साहित्याची सेवाच केली होती.

"आजोबांचं पुस्तक," केव्हिन म्हणाला आणि टोपी काढली. "डॅनियल. गेल्या वर्षी आत्या वारली, तिच्या ट्रंकेत मिळालं. माझ्या वडिलांना शेवटपर्यंत आशा होती की आजोबांचं काहीतरी सापडेल. महिन्याभरात क्लबमध्ये काचेच्या पेटीत बसवतोय. रविवारचं जेवण, सगळा क्लब, आणि त्या भिंतीला आजोबांचं नाव. ही बघ, सही!"

त्याने एक पान उघडलं. डाव्या पानावर आयरिश वीणेचं छोटं चित्र आणि खाली 'डॅनियल, हट नंबर नऊ'.

माझी मान आपोआप वाकडी झाली. वाचकहो, तुम्ही दहावीत ऑटोग्राफ बुक फिरवलंत ना? स्वतःच्या पुस्तकात स्वतःच, मधल्या कुठल्या तरी पानावर, सही केलीत का? ज्याचं पुस्तक त्याचं नाव पहिल्या पानावर असतं आणि आत बाकी सगळे असतात. मी पहिलं पान शोधलं. पहिलं पान नव्हतंच. शिवणीपाशी ब्लेडने सरळ कापल्याची पट्टी तेवढी उरलेली.

"इंग्रज सेन्सॉरने कापलं," केव्हिन म्हणाला.

"आणि हे सगळे 'प्रिय टॉम' म्हणून लिहितायत, ते?"

"टोपणनाव!" त्याने टेबलावर हात आपटला. "क्रांतिकारक होते, डिग! टोपणनाव असणारच."

मी गप्प बसलो. एक तर त्याचा हात माझ्या टेबलापेक्षा जाड होता. आणि दुसरं, तो आता रंगात आला होता.

"प्रत्येक क्लबात एक वेडी म्हातारी असते," तो म्हणाला. "आमची नोरा. एक्याण्णव वर्षांची. तिचा बाप त्याच छावणीत होता. त्याचंही म्हणे असं एक पुस्तक होतं, एका मित्राने वाचायला नेलं. उद्या सकाळी परत देतो म्हणाला. सकाळी पाहतात तर मित्राची अख्खी हट दुसऱ्या छावणीत हलवलेली! सत्तर वर्षं ही कथा चालू आहे. क्लबात कोणाचं काही यायचं राहिलं ना, की आम्ही म्हणतो, येईल येईल, नोराच्या सकाळी!"

"कोण मित्र?"

"बापाने नाव कधी सांगितलंच नाही. चोरीच्या गोष्टीत मित्राचं नाव घेत नाहीत म्हणाला. असेल तर सांगेल ना!" आणि तो इतका हसला की खाली जिलेबीच्या कढईतलं तेल हललं असावं.

"नोराबाईंच्या वडिलांचं नाव काय?"

"टॉम," केव्हिन म्हणाला, आणि लगेच, "अर्धं आयर्लंड टॉम आहे, डिग."

तो गेला. मी कामाला लागलो.

तांदळाचे दाणे चिमट्याने काढले. तीनशे बारा होते. कोपऱ्यांवरचा हिरवा रंग टिपकागदात थोडा थोडा उतरवला. पेन्सिलीच्या मजकुराला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून चार दिवस मी पुस्तकासमोर घोटभर चहासुद्धा प्यायलो नाही, हे शालिनीला विचारा. आणि मग लक्षात आलं की डॅनियलच्या सहीचं पान जाड आहे. दोन पानं एकमेकांना चिकटलेली.

बिअर, मला वाटलं. बिअरमधली साखर. पण बिअर तिथवर पोचलीच नव्हती. आणि बिअर काही चारही कडांनी सारख्या रुंदीची पट्टी आखून चिकटत नाही. ही खळ होती. घरगुती, स्वयंपाकघरातल्या कणकेची, बोटाने लावलेली. एका कडेला बोटाचा ठसासुद्धा होता. चाळीस वर्षं हीच वस्तू हाताळल्यावर खळ माझ्याशी बोलते. ही खळ सांगत होती की कोणीतरी बसून, विचार करून, नीट बंद केलंय.

पाणी वापरायची सोय नाही. तीन दिवस कोरड्या पातळ पातीने केसभर केसभर कड सोडवली. तिसऱ्या दिवशी दुपारी पान उघडलं. आत, सहीच्या पाठीमागच्या बाजूला, तेच अक्षर:

'टॉम, तुझं पुस्तक घेतलं खरं, पण लिहायला काही सुचेना. आज माझ्याकडे राहू दे. उद्या सकाळी हजेरीला परत देतो. देवाशपथ.'

आणि पान उलटलं की वीणा आणि सही.

मी खाली जाऊन पाव किलो जिलेबी खाल्ली. मग वर येऊन पुन्हा वाचलं. मजकूर तोच होता.

केव्हिनला बोलावलं. तो आला, वाचलं, खुर्चीवर बसला. खुर्ची टिकली. बराच वेळ त्याने सहीवर अंगठा ठेवला होता, मला तो उचल म्हणायचं धैर्य होईना, आणि धंद्यात हे सांगायलाच हवं असतं.

"हे कोणी पाहिलंय?" त्याने विचारलं.

"तू आणि मी."

"चिकटव."

"केव्हिन, त्या म्हातारीला सत्तर वर्षं तुम्ही सगळे..."

"तू इतिहासकार नाहीस, डिग. तू खळवाला आहेस." त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "माझा बाप आयुष्यभर सांगत राहिला की आजोबांइतका सरळ माणूस अख्ख्या शिकागोत नव्हता. रविवारी सगळा क्लब येणार आहे. आजोबांनी जे केलं तेच कर. चिकटव."

आता इथे मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो की हे माझ्या धंद्याच्या नीतीत बसत नाही, पुस्तक घेऊन जा, असं मी मंडळाच्या कार्यक्रमात तीनदा सांगितलेलं आहे. इथे छापून येणार म्हणून खरं सांगतो. मी "बरं" म्हणालो.

अहवालात सगळं लिहिलं, पानाचा फोटो जोडला, पाकिटात घालून केव्हिनच्या हातात दिलं. त्यात एक सूचना खास लिहिली: पेटीत दिवा लावू नये, उष्णतेने कागद वाकतो. त्याने पाकीट न उघडता जाकिटात कोंबलं. गिऱ्हाईक अहवाल वाचत नाही, याची मला चाळीस वर्षांच्या अनुभवाने खात्री होती. हेही लिहून ठेवतो.

मग खळ केली. कशी केली? पातळ. किती पातळ? शालिनीने भांडं पाहिलं असतं तर पाणी समजून तुळशीला घातलं असतं. आमचा पहिला नियम काय? जे चिकटवाल ते सोडवता आलं पाहिजे. किती सहज सोडवता यावं, यावर नियमात मर्यादा नाही.

रविवारी शालिनी पैठणी नेसून आली. क्लबचं सभागृह भरलेलं. जेवायला उकडलेले बटाटे, कुस्करलेले बटाटे आणि भाजलेले बटाटे.

"मीठ विसरलेत का हो?" शालिनीने विचारलं.

"नाही गं. ती परंपरा आहे."

व्यासपीठावर काचेची पेटी. आत मखमल, मखमलीवर पुस्तक, सहीचं पान उघडून ठेवलेलं. आणि वर, अहाहा, दोन दणदणीत पिवळे बल्ब, पूर्वी त्याच पेटीत कोणा धावपटूचा चषक होता त्याच्यासाठी बसवलेले. केव्हिन माइकवर गेला. आजोबा. शौर्य. सचोटी. पाठ पेटीकडे. मी पेटीकडे बघत होतो. शालिनी माझ्याकडे बघत होती. लग्नाला एवढी वर्षं झाली की नवरा अशा चेहऱ्याने बसला की बायकोला कळतं.

"अहो, काय केलंत?" ती हळूच म्हणाली.

"खळ लावली."

दहाव्या मिनिटाला पानाची कड उचलली. पापड भाजताना कडेने उचलतो ना, अगदी तशी. बाराव्या मिनिटाला दुसरी कड. केव्हिन 'सचोटी'वर दुसऱ्यांदा आला तेव्हा 'टिक्' असा आवाज झाला. सभागृहात तो ऐकू आला म्हणणारे आज किमान चाळीस लोक आहेत, खरा मी एकट्यानेच ऐकला असेल. आणि पान उभं राहिलं, क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं आणि उजवीकडे पडलं. आतला मजकूर, शंभर वर्षांनी, दोन बल्बच्या उजेडात, सगळ्यांच्या पुढे.

कोणाला काही दिसलं नाही. अक्षर बारीक, पेटी लांब. टाळ्या झाल्या. केव्हिनने जाहीर केलं की पुस्तक पाहण्याचा पहिला मान क्लबच्या सर्वांत ज्येष्ठ सभासदाचा. आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे डोळा मिचकावून म्हणाला, "नोरा, चष्मा आण! शेवटी एक पुस्तक बघायला मिळतंय!"

हशा झाला. पातळसा, सवयीचा हशा. असा हशा आपल्या मंडळातही मी ऐकलेला आहे, आणि त्यात माझाही आवाज होता.

नोराबाई उठल्या. एवढीशी बाई, काठी, गळ्यात साखळीला भिंग. पेटीपाशी पोचायला त्यांना जो वेळ लागला त्यात मला माझ्या आयुष्यातली सगळी पापं आठवली आणि वर दोन मिनिटं उरली. त्यांनी भिंग काचेला लावलं. एकदा वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून, ओठ हलवत. केव्हिनने तेव्हा वळून पाहिलं आणि पान पाहिलं.

मी त्याचा चेहरा पाहिला. मी जळकी पुस्तकं पाहिलीत, बुडालेली पाहिलीत. तसं काही पाहिलं नव्हतं.

नोराबाई माइकपाशी गेल्या नाहीत. मोठ्याने काही वाचून दाखवलं नाही. त्यांनी मान वर करून, त्या सहा फूट चार इंचांकडे पाहिलं आणि अगदी चौकशी करावी तसं विचारलं:

"केव्हिन, सकाळ झाली का रे?"

सभागृहात जे चार जण पुढे होते त्यांना कळलं. त्यांच्याकडून आठांना. बटाटे संपायच्या आत सगळ्या क्लबला. केव्हिन व्यासपीठाच्या पायरीवर बसून राहिला. त्याने मग स्वतःच पेटीचं कुलूप काढलं, आणि पुस्तक नोराबाईंच्या हातात दिलं. तो न बोलता उभा राहिल्याचा त्या क्लबच्या इतिहासात हा पहिलाच प्रसंग असावा.

गाडीत शालिनीने पैठणीवरून पट्टा नीट बसवला. मग म्हणाली, "त्याला सरळ 'नाही' म्हणता आलं असतं तुम्हाला."

"हो."

"ते सोडून त्याला गावासमोर बसवलंत."

"त्यानेही त्या बाईला इतकी वर्षं..."

"त्याने. तुम्ही नाही." आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चीक माझा होता."

'नाही' म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं, म्हणून मी खळ पातळ केली. माझ्या कारागिरीतली सगळ्यांत नाजूक कामगिरी ती, आणि अहवालात लिहिलेली नाही ती तेवढीच. म्हणून इथे लिहितोय.

दोन आठवड्यांनी जिन्यावर काठी वाजली. सतरा पायऱ्या, एकेकीवर विश्रांती. नोराबाई आल्या, मागे त्यांचा दंड धरून केव्हिन. हिरवं जाकीट नव्हतं. बाई आत आल्या, तो दारातच थांबला.

"आत ये," नोराबाई मागे न बघता म्हणाल्या. "तुमच्या घराण्याला दारात उभं राहायची सवयच आहे."

त्या बसल्या, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि माझ्याशी बोलायला लागल्या. मी सत्तरीचा, पण त्या मला 'मुला' म्हणाल्या.

"माझ्या बापाचा पाय अधू होता, मुला. छावणीनंतर दोघंही इथे शिकागोत आले, आणि दर रविवारी चर्चनंतर डॅनियल त्याला घरापर्यंत सोडायला यायचा. तीस वर्षं. पाऊस असो, बर्फ असो. दारापर्यंत यायचा, आत कधीच आला नाही. आणि त्याचा एक हात कायम कोटाच्या खिशात. मला लहानपणी वाटायचं, याचा हात लढाईत निकामी झालाय." त्यांनी पुस्तकावर तळहात ठेवला. ते त्याखाली पूर्ण झाकलं गेलं. कोटाच्या खिशात मावेल असंच होतं. "बाप दार लावून घ्यायचा आणि म्हणायचा, आजही नाही जमलं बिचाऱ्याला."

केव्हिन खिडकीकडे वळला होता. खाली कोणीतरी पार्किंगवरून भांडत होतं, आणि तो ते फार लक्ष देऊन ऐकत होता.

मी पुस्तक उघडलं. कोपऱ्यांचं थोडं काम राहिलंय म्हटलं, कापलेल्या पहिल्या पानाच्या जागी नवं पान बसवून देईन, त्यावर टॉमचं नाव घालू. नोराबाईंनी मान हलवली. हो, चालेल.

"आणि ते मधलं पान?" मी विचारलं. "उघडंच ठेवायचं ना?"

त्यांनी भिंग काढलं, तो मजकूर एकदा वाचला, उलटून वीणा पाहिली, आणि पान हलकेच मिटलं.

"बंद कर," त्या म्हणाल्या. "मला वाचायचं होतं, मी वाचलं. त्याने ते झाकलं होतं, झाकलेलं राहू दे."

मी खळीचं भांडं पुढे ओढलं. नोराबाई वाकल्या, भांड्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर घासून पाहिलं आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"आणि मुला," त्या म्हणाल्या, "या वेळी घट्ट कर."